शनिवारी फोन आणा म्हटलं आणि चार मुलं घरी राहिली

पत्र असं आहे:

‘सर, मी जिल्हा परिषदेच्या शाळेत सातवीला विज्ञान शिकवते. पट ३६. मुलं हुशार आहेत, पण तासाला बोलतात तीच पाच-सहा. बाकीची खाली मान घालून बसतात. फळ्यावर लिहिलेलं उतरवून घेतात आणि विचारलं की गप्प. एका प्रशिक्षणात सांगितलं की मुलांच्या हातातला फोन वर्गात आणा, मुलं खुलतील. म्हणून दर शनिवारी घरचा फोन आणायला सांगितलं. पहिल्या शनिवारी ११ फोन आले. गट केले, व्हिडिओ दाखवले, प्रश्नमंजूषा घेतली. वर्ग अगदी रंगला. तिसऱ्या शनिवारी एका फोनची काच फुटली आणि त्या मुलाचे वडील शाळेत येऊन खूप बोलले. मुख्याध्यापक म्हणाले, बंद करा हे. त्याहून लागलं ते वेगळंच. हजेरीपत्रक पाहताना लक्षात आलं की चार मुलं सोमवार ते शुक्रवार येतात आणि शनिवारी गैरहजर असतात. त्यात तीन मुली. चौघांच्याही घरी शाळेत द्यायला फोन नाही. आता फोन पूर्ण बंद करू? पण ज्या शनिवारी वर्ग बोलला तो मला विसरता येत नाही. काय करू?’

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. हजेरीपत्रकातला तो शनिवारचा रकाना तुम्ही पाहिलात, हे मला फार मोलाचं वाटतं. वर्ग रंगलेला असताना जे आलेच नाहीत त्यांच्याकडे सहसा कोणाचं लक्ष जात नाही.

आधी सरळ उत्तर देतो. मुलांना फोन आणायला सांगणं आजच थांबवा. सोमवारी वर्गात स्वतः सांगा, ‘शनिवारी कोणीही फोन आणायचा नाही, चूक माझी होती.’ त्या चार मुलांच्या घरी मात्र निरोप पाठवू नका, स्वतः जा. ‘फोन नाही म्हणून येत नव्हतीस का?’ असं विचारायचं नाही. ‘शनिवारी मला प्रयोगाला मदतीला हवी आहेस’ एवढंच म्हणायचं. आणि ती आली की खरोखरच काम द्यायचं.

पण फोन बंद करू नका. तुमचा स्वतःचा एक फोन वर्गासाठी पुरेसा आहे. तो कुठे आणि कसा धरायचा, एवढाच प्रश्न आहे.

हे मी ज्या अनुभवावरून म्हणतो तो २०२०चा आहे. मार्चमध्ये शाळा बंद झाल्या आणि आम्ही सगळे व्हॉट्सॲपवर आलो. मी रोज सकाळी गटावर अभ्यास टाकायचो आणि संध्याकाळी वह्यांचे फोटो यायचे. महिनाभर मला वाटलं, चांगलं चाललंय. एक मुलगी रोज रात्री दहानंतर फोटो पाठवायची, त्यावर मी तिला एकदा उशिराबद्दल रागावून संदेशही टाकला होता. पुढे घरी गेलो तेव्हा कळलं. फोन वडिलांचा, ते टेम्पोवर चालक, नऊला घरी यायचे. तोवर मोठा भाऊ वाट बघत बसलेला असायचा, मग त्याचा नंबर, मग हिचा. दिव्याखाली बसून ती आख्खा संदेश हाताने वहीत उतरवून घ्यायची, कारण सकाळी फोन पुन्हा टेम्पोबरोबर जायचा. मी रागावलो होतो तो संदेशही तिने उतरवला होता, तारखेसकट. ती वही मी पाहिली. त्या दिवसापासून घरच्या फोनवर अवलंबून असलेलं कुठलंही काम मी मुलांना सक्तीचं केलं नाही.

फोन घरात असणं वेगळं आणि मुलाच्या हाताला लागणं वेगळं. शाळकरी मुलांच्या शिक्षणाची पाहणी करणाऱ्या ‘असर’च्या २०२४च्या अहवालात ग्रामीण भारतातल्या १४ ते १६ वयाच्या मुलांना विचारलं होतं. ८० टक्क्यांहून जास्त मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता. पण आधीच्या आठवड्यात अभ्यासासाठी तो वापरला असं ५७ टक्क्यांनी सांगितलं, आणि समाजमाध्यमांसाठी ७६ टक्क्यांनी. स्वतःचा फोन असण्यात मुली मुलांच्या मागे आहेत, हेही त्यात दिसतं. तुमची मुलं याहून लहान, बारा-तेरा वर्षांची. तुमच्या हजेरीपत्रकातल्या चौघांत तीन मुली निघाल्या याचं मला म्हणूनच नवल वाटलं नाही.

आता तुम्हाला न विसरता येणाऱ्या त्या शनिवारबद्दल. वर्ग बोलला, हे खरं. पण तो कशामुळे बोलला याचा जरा विचार करा. व्हिडिओमुळे असं मला वाटत नाही. व्हिडिओ लागला की मुलं शांत होतात, कारण बघायला बरं असतं, आणि शांत बसलेला वर्ग शिकतोय असं आपल्याला वाटायला लागतं. मला वाटतं, वर्ग बोलला तो प्रश्नमंजूषेमुळे. प्रत्येक गटाला उत्तर द्यावंच लागलं. रोज पाच हात वर येतात, त्या दिवशी ११ फोनांवर ११ उत्तरं आली. तुम्हाला हवं आहे ते हेच, फक्त ११च्या जागी ३६ हवीत. आणि त्यासाठी मुलांच्या हातात फोन लागत नाही.

प्लिकर्स नावाचं एक ॲप आहे. त्यात मुलांच्या हातात कागदाचं कार्ड असतं. कार्डावर काळ्या चौकोनांची नक्षी, क्यूआर कोडसारखी, आणि चार बाजूंना बारीक अक्षरात ए, बी, सी, डी. प्रत्येक कार्डाचा नंबर आणि नक्षी वेगळी. तुम्ही प्रश्न विचारायचा आणि चार पर्याय फळ्यावर लिहायचे. आपलं उत्तर ज्या बाजूला आहे ती बाजू वर करून मुलाने कार्ड छातीशी धरायचं. मग तुम्ही फोनचा कॅमेरा वर्गावरून हळूहळू फिरवायचा, जशी आपण स्नेहसंमेलनात गर्दीवरून फिरवतो तसा. कोणत्या नंबरने कोणतं उत्तर दिलं ते ॲप वाचतं. नेहमीच्या संचात ४० कार्डं असतात, तुमच्या ३६ मुलांना पुरतात. एकदा छापून वहीच्या जुन्या पुठ्ठ्यावर चिकटवली की वर्षभर टिकतात. लॅमिनेशन मात्र करू नका. खिडकीचा उजेड त्यावर चमकतो आणि कॅमेऱ्याला नक्षी दिसत नाही. आम्ही केलं होतं. निम्मी कार्डं वाचली गेली नाहीत.

एक काळजी घ्या. ॲपमध्ये मुलांची नावं भरू नका, हजेरी क्रमांक भरा. आपल्या देशात २०२३चा वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला आहे आणि त्यात १८ वर्षांखालच्या मुलांची माहिती वापरायला पालकांची संमती लागते असं म्हटलं आहे. शिवाय कायदा असो-नसो, कोणत्या मुलाचं काय चुकलं हे तुमच्या वहीबाहेर कशाला जायला हवं? वर्गातले फोटो गटांवर टाकतानाही हाच विचार करा.

या कार्डांचं मला सर्वांत जे आवडतं ते सांगतो. शेजारच्याचं कार्ड बघून उपयोग नसतो. त्याची नक्षी वेगळी आणि अक्षरं इतकी बारीक की लांबून वाचता येत नाहीत. त्यामुळे गप्प मुलाला लपताही येत नाही आणि त्याचं हसूही होत नाही. चुकलं तर फक्त तुम्हाला कळतं. आमच्याकडे एक मुलगा होता, वर्षभरात कधी तोंड उघडलं नव्हतं. अपूर्णांकाच्या तासाला मी कॅमेरा फिरवला तर ज्या प्रश्नाला जवळजवळ सगळा वर्ग चुकला होता, तो त्याला बरोबर आला होता. दुसऱ्या प्रश्नालाही बरोबर. मी काही बोललो नाही. तास संपल्यावर तो वह्या गोळा करायला आला तेव्हा हळूच विचारलं, ‘कसं काढलंस?’ त्याने तिथेच, टेबलावर, खडूने भाकरी काढून दाखवली. तीन भावांत वाटायची, मग एक पाहुणा आला तर कशी मोडायची. तोंडी परीक्षेत त्याला मी नेहमी ‘क’ श्रेणी दिली होती.

आता हे नुसतं मोजायचं यंत्र होऊ देऊ नका. उत्तरं आली, किती बरोबर ते कळलं आणि पुढे गेलो, तर चाचणीच झाली की ती. खरी मजा मधे आहे. हार्वर्ड विद्यापीठातले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझूर यांनी १९९०च्या दशकात एक पद्धत रूढ केली. आधी प्रत्येकाने एकट्याने विचार करून उत्तर द्यायचं. शिक्षकाने बरोबर कोणतं ते सांगायचं नाही. मग मुलांना म्हणायचं, ‘शेजारी ज्याचं उत्तर तुझ्यापेक्षा वेगळं आहे त्याला पटवून दे.’ तीन मिनिटं गलका होऊ द्यायचा आणि पुन्हा मत घ्यायचं. त्यांनी ही पद्धत महाविद्यालयीन मुलांसाठी काढली, पण मी ती पाचवीपासून वापरून पाहिली आहे आणि ती चालते. अंदाज असा ठेवायचा: पहिल्या फेरीत तिसरा हिस्साही बरोबर नसेल तर चर्चेत अर्थ नाही, पुन्हा शिकवा. दोनतृतीयांशाहून जास्त बरोबर असतील तर दोन वाक्यांत आटपून पुढे जा. मधे कुठे असाल तर भांडू द्या. तुमची गप्प मुलं त्या तीन मिनिटांत बोलतात, कारण ऐकणारा एकच असतो आणि तो बाकावर शेजारीच बसलेला असतो.

यासाठी प्रश्न मात्र तसा हवा. ‘चंद्राला स्वतःचा प्रकाश आहे का?’ याला काही भांडण होणार नाही. हा विचारा: चंद्र कधी अर्धा, कधी कोर असा का दिसतो? ए, पृथ्वीची सावली त्यावर पडते. बी, ढग आड येतात. सी, चंद्राच्या उजळलेल्या अर्ध्या भागाचा कमी-जास्त हिस्सा आपल्याला दिसतो. डी, सूर्याचा प्रकाश कमी-जास्त होतो. मी हा प्रश्न जिथे जिथे विचारला तिथे पहिल्या फेरीत ‘ए’ जिंकला, शिक्षकांच्या बैठकीतसुद्धा. ग्रहणाचं कारण आपण चंद्राच्या कलांना लावून टाकलेलं असतं.

आणि इथे तुमची शनिवारची सकाळची शाळा कामाला येते. कालनिर्णय उघडा आणि वद्य षष्ठी ते नवमी यांतली एखादी तिथी शनिवारी येते का ते पाहा. त्या दिवशी आठच्या सुमाराला परिपाठ मैदानात घ्या. सूर्य पूर्वेला वर आलेला असतो आणि पश्चिमेकडच्या आकाशात पांढुरका अर्धा चंद्र दिसत असतो. निम्म्या मुलांनी दिवसा चंद्र असतो हेच कधी पाहिलेलं नसतं. एक पांढरा रबरी चेंडू घ्या. मुलीने उन्हात उभं राहायचं, हात लांब करून चेंडू चंद्राच्या दिशेने, त्याच्या अगदी शेजारी दिसेल असा धरायचा आणि एक डोळा मिटायचा. चेंडूवर ऊन जेवढ्या भागावर आणि ज्या बाजूला दिसतं, तेवढाच आणि त्याच बाजूचा चंद्र उजळलेला असतो. हुबेहूब. मग विचारा, ‘पृथ्वीची सावली आत्ता कुठल्या दिशेला पडली असेल?’ सूर्य पूर्वेला, म्हणजे सावली पश्चिमेकडे, आणि सूर्य जमिनीच्या वर असल्यामुळे ती क्षितिजाच्या खाली. चंद्र तर वर आकाशात आहे. मुलं स्वतःच म्हणतात, ‘मग सावली चंद्रावर पडणार कशी?’

यात फोन कुठे आला? चेंडू आणि चंद्र एका चौकटीत येतील असा फोटो तुम्ही काढायचा, कॅमेरा मुलीच्या डोळ्याजवळ धरून. सगळ्यांचा नंबर लागत नाही, ढग येतात, तास संपतो. तो फोटो वर्गात लावा आणि मत पुन्हा घ्या. ज्या चार मुलांच्या घरी जाल, त्यांतल्या एकीच्या हातात चेंडू द्या.

दुसरा एक प्रयोग सांगतो, तुमच्याच पाठ्यपुस्तकातल्या पेशीच्या धड्याला लागू पडतो. शाळेत सूक्ष्मदर्शक असेलच असं नाही, आणि असला तरी कपाटात असतो. घरात पडलेला एखादा जुना फोन घ्या. कॅमेरा चालू, समोरचा. फोन टेबलावर उताणा ठेवा आणि समोरच्या कॅमेऱ्याच्या काचेवर ड्रॉपरने पाण्याचा एकच थेंब सोडा, हरभऱ्याच्या डाळीएवढा. थेंब फुगीर बसतो आणि भिंग होतो. कानाशी धरायची आवाजाची फट तिथेच शेजारी असते, म्हणून तिच्यावर आधी चिकटपट्टी लावा, आणि म्हणूनच जुना फोन. आता लाल कांद्याचा, आपल्या लासलगावच्या बाजारात येतो तसला गडद, पापुद्रा काढा. जांभळा असेल तो. काचपट्टीवर पसरवा आणि थेंबाच्या अगदी जवळ, पण टेकू न देता, वर धरा. वरून खिडकीचा उजेड. हात थोडा वर-खाली केला की एका जागी पडद्यावर ते येतं: जांभळ्या विटांची भिंत. विटा लांबट, एकीला एक चिकटून, मधे बारीक रेषा. थेंब थरथरतो, चित्र विरघळतं, परत येतं. पहिली मुलगी ओरडली की मग वर्ग जागेवर राहत नाही, राहू देऊही नका. सतराव्या शतकात लेव्हेनहूक नावाच्या डच कापड व्यापाऱ्याने अशाच एका छोट्याशा भिंगातून पाण्यातले जीव पाहिले होते हे त्यांना तेव्हा सांगा, आधी नको.

आवाजाच्या धड्याला दोन फोन लागतात, तुमचा आणि एखाद्या सहकाऱ्याचा. जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाने काढलेलं फायफॉक्स नावाचं मोफत ॲप आहे आणि त्याला इंटरनेट लागत नाही. त्यात आवाजावर चालणारं स्टॉपवॉच आहे. पहिल्या आवाजाने सुरू होतं आणि दुसऱ्याने थांबतं. व्हरांड्यात टेप धरून बरोबर १० मीटरवर दोन फोन ठेवा. एका फोनजवळच्या मुलाने टाळी वाजवायची, मग दुसऱ्या फोनजवळच्या मुलीने. आवाजाला अंतर कापायला वेळ लागतो म्हणून लांबचं घड्याळ दर वेळी किंचित मागे राहतं, आधी सुरू व्हायला आणि मग थांबायला. दोन घड्याळांतला फरक म्हणजे आवाजाने २० मीटर जायला घेतलेला वेळ. तो साधारण ०.०५८ सेकंद येतो. २० भागिले ०.०५८ करायला मुलांना द्या, सेकंदाला ३४५ मीटरच्या आसपास येईल. आमच्या पहिल्या चार खेपा फुकट गेल्या. एकदा कावळा ओरडला, एकदा खुर्ची सरकली. पाचव्या खेपेला सगळा वर्ग श्वास रोखून उभा होता. शांत बसा असं मला एकदाही सांगावं लागलं नाही. नंतर पावसाळ्यात वीज चमकल्यावर मुलं आकडे मोजायला लागली, तीन सेकंदाला एक किलोमीटर म्हणत.

व्हिडिओबद्दल माझं मत थोडं कडक आहे. लावाच, पण दोन मिनिटांचा, आणि मधेच थांबवून ‘आता पुढे काय होईल?’ विचारण्यासाठी. पाठ्यपुस्तकातले क्यूआर कोड त्याला उत्तम. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचे रणजितसिंह डिसले यांना २०२०चं जागतिक शिक्षक पारितोषिक मिळालं ते पुस्तकातल्या क्यूआर कोडच्या कामामुळेच गाजलं, आणि ते काम जिल्हा परिषदेच्या शाळेतूनच उभं राहिलं हे आपल्याला अभिमानाचं आहे. त्यात पुस्तक मुलाच्या हातातच राहतं हे विसरू नका. ‘दीक्षा’ या सरकारी शिक्षण ॲपवरचं साहित्य आदल्या रात्री उतरवून ठेवा, म्हणजे वर्गात चकरी फिरत बसत नाही. फोन आधी विमान मोडवर टाका. वर्गासमोर टीव्हीला फोन जोडलेला असताना आपल्या घरचे संदेश वर झळकले की मुलांचं लक्ष तासभर परत येत नाही.

घरच्या फोनचा एक उपयोग मला मान्य आहे, तो म्हणजे ऐच्छिक आणि ऐकण्याचा. आजीकडून जात्यावरची एखादी ओवी, पेरणीची जुनी म्हण, दुष्काळाची आठवण मुलाने रेकॉर्ड करून आणायची. फोन नसेल त्याने वहीत लिहून आणायची, किंमत दोन्हीला सारखी. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ या संशोधकांनी गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, त्या कित्येक घरांत आता कोणी म्हणत नाही. तुमच्या गावातल्या कोणाकडे तरी अजून असतील.

आता ते रागावलेले वडील. त्यांचा राग मला चुकीचा वाटत नाही. फोन त्यांच्या पोटापाण्याचा आहे, आणि तो शाळेने मागितला होता. त्यांना भेटा, दुरुस्तीचा खर्च विचारा आणि निम्मा तरी द्या, नाही घेतला तरी विचारा. मग शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत फोन हा विषय तुम्हीच मांडा. कोणी म्हणेल, जगभर शाळांतून फोन हद्दपार होतायत. बरोबर आहे. फ्रान्सने २०१८मध्ये कायदा केला, आणि २०२३मध्ये युनेस्कोच्या जागतिक अहवालानेही विचारलं की शिक्षणातलं तंत्रज्ञान नेमकं कोणाच्या अटींवर येतं आहे. तुम्ही सांगा, ‘मुलांच्या हातात फोन मलाही नको. माझा एक फोन मी प्रयोगाचं साहित्य म्हणून वापरणार, आठवड्यातून दोनदा, आणि कोणत्या तासाला ते मुख्याध्यापकांच्या वहीत आधी लिहिणार.’ लेखी परवानगी घ्या. पुढे तपासणीला कोणी आलं आणि तुमच्या हातात फोन दिसला, तर ती वही बोलेल. प्लिकर्सची कार्डं बैठकीला घेऊन जा आणि पालकांनाच एक प्रश्न विचारा, तो चंद्राचाच विचारा. शंभर शब्दांनी जे होत नाही ते त्याने होतं.

त्याच बैठकीत सांगलीतल्या मोहित्यांचे वडगावची गोष्ट सांगा. २०२२पासून तिथे संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि साडेआठपर्यंत घराघरांत टीव्ही-मोबाइल बंद, मुलांनी अभ्यास करायचा. गावाने मिळून ठरवलेलं. शाळेत फोनचा चांगला उपयोग करायचा असेल तर घरी त्याला वेळेचं कुंपण असणं तुमच्याच फायद्याचं आहे, आणि पालकांनाही कळतं की तुम्ही फोनच्या बाजूच्या नाही, मुलांच्या बाजूच्या आहात.

कार्डं छापायला वेळ लागेल, तोवर थांबू नका. उद्यापासूनच छातीशी धरलेली बोटं चालतील. ए म्हणजे एक बोट, बी म्हणजे दोन. डोळे मिटायला सांगा, म्हणजे कोणी कोणाचं बघत नाही. मोजायला थोडं जड जातं, पण एका नजरेत अंदाज येतो.

तिथी पाहून तो शनिवार नक्की करा आणि मला लिहा. पहिल्या फेरीत ३६पैकी किती जण ‘पृथ्वीची सावली’ म्हणाले, चेंडूनंतर किती उरले, आणि त्या चौघांतले किती आले होते, हे तिन्ही आकडे कळवा.